एकदम भोगायच्या

पहिल्यांदाच सांगून टाकते, माझ्या थोरल्या भावानं कोंडवाड्याचं दार मोडलं होतं आणि गार्डाला ढकललंही होतं. त्यात खोटं काही नाही. हे आधी सांगितलं नाही तर वाचणारे म्हणायचे, बसली म्हातारी भावाची बाजू घेऊन. आता बाजू तर मी घेणारच, कुठली बहीण घेत नाही? पण त्याला झालेल्या शिक्षेबद्दल माझं भांडण नव्हतं आणि आजही नाही. माझं भांडण आहे ते शिक्षा संपल्यानंतरच्या दिवसांचं. ते कुणी घेतले, कुणाच्या हुकमानं घेतले, आणि आम्ही विचारायला गेलो तर जो तो दुसऱ्या दाराकडं बोट का दाखवत होता, एवढंच मला कळून घ्यायचं होतं. विचारता विचारता केस पांढरे झाले.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. नवे पैसे चालू झाले होते, पण आमच्याकडं माणसं अजून आण्यातच बोलायची. मी लग्न होऊन कासार आंबोलीला आले होते. माहेर मुठा खोऱ्यात, वर डोंगराच्या कडेला, आम्हा धनगरांची मोजकीच घरं. आईबाप गेलेले. माहेर म्हणजे दादा, वहिनी, त्यांची दोन पोरं आणि शेळ्यामेंढ्या. आमच्या रानाला लागूनच राखीव रान. माणसाला दगडाची खूण दिसते. शेळीला पाला दिसतो. त्या दिवशी दादाच्या शेळ्या खुणेच्या पलीकडं गेल्या, जंगलखात्याच्या गार्डानं हाकून खाली नेल्या आणि कोंडवाड्यात घातल्या. घालू दे. कायदा आहे. दंड भरायचा आणि जनावर सोडवून आणायचं, हे आमच्या आजोबापणजोबापासून चालत आलेलं.

पण त्या शेळ्या ताज्या व्यायलेल्या होत्या. पिल्लं घरी डालग्याखाली कोंडलेली, भुकेनं ओरडून ओरडून त्यांचे आवाज बसलेले. दादा पैसे घेऊन धावत खाली गेला. तर कोंडवाड्याचा मुन्शी कुलूप लावून लग्नाला गेलेला. आत शेळ्या कासा तटतटून उभ्या, बाहेर गार्ड विडी ओढत बसलेला.

"दंड भर आन् घिऊन जा," गार्ड म्हणाला.

"भरतो की. घ्यायला हाय कोन?"

"मुन्शी आल्यावर भर."

"कवा यायचा?"

"येईल उद्या-परवा. वऱ्हाड लांब गेलंय."

"आन् तवर पिल्लांनी काय चोखावं, तुमची शिट्टी?"

इथवर ठीक होतं. चार माणसं हसली. पण हसली म्हणून गार्डाचं डोकं फिरलं, त्यानं दादाला आईवरून शिवी दिली. मग दादानं दगडानं कडी तोडली, दार उघडलं, आणि अडवायला आलेल्या गार्डाला दोन्ही हातांनी लोटलं. गार्ड शेणात पालथा पडला, कोपर फुटलं. शेळ्या त्याच्या अंगावरून उड्या मारत घराकडं पळाल्या.

झाला खटला. कोंडवाडा फोडून जनावरं पळवली हा एक गुन्हा, सरकारी माणसावर हात टाकला हा दुसरा. गावच्या लोकांनी एक वकील गाठून दिला होता. त्यांच्या कोटाला सारखे दोन-तीन लोक लोंबकळत असायचे, त्यामुळं आमच्याशी ते नेहमी चालता चालता बोलत.

निकालाच्या दिवशी आम्ही तिघं कोर्टात होतो. वहिनी, मी आणि आमचे मालक. दादा पिंजऱ्यात. मॅजिस्ट्रेट साहेब वयानं फार नव्हते, आवाज मऊ होता. आधी त्यांनी इंग्रजीतून वाचलं. मग मान वर करून दादाला मराठीत सांगितलं, कोंडवाड्याबद्दल सहा महिने, हात टाकल्याबद्दल एक वर्ष. आणि शेवटी म्हणाले, "दोन्ही शिक्षा एकदम भोगायच्या."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय. वहिनीनं ऐकलंय. दादानं ऐकलंय. वकिलांनीही ऐकलं असणार, पण ते तेवढ्यात पुढच्या खटल्याचे कागद काखोटीला मारून दुसऱ्या खोलीत गेले.

बाहेर आल्यावर वहिनीनं विचारलं, "एकदम म्हंजी ओ, भावजी?"

आमचे मालक म्हणाले, "म्हंजी सलग. वरीस झालं की घरी सोडलं आन् मग सा म्हैन्याला परत बोलावलं, असं न्हाई. लगोलग सगळं. दीड वरीस धरून चाला."

तुम्हाला हसू येईल. पण आमच्या बोलण्यात एकदम म्हणजे एका दमात. डोंगर चढताना कुणी मध्ये टेकला नाही तर आम्ही म्हणतो, एकदम चढला बघ. दोन चढ एकदम चढायचे म्हटले तर चढायचे दोन्ही असतात, फक्त मध्ये बसायचं नसतं. दोन चढ एकाच वेळी चढता येतात, हे आम्हाला कुठून सुचावं? साहेबांच्या मनात होतं, की वर्षाच्या पोटातच ते सहा महिने गेले, म्हणजे एकूण वर्षच. आमच्या कानांत आलं दीड वर्ष. आणि बिचारा साहेब बोलताना इतका मऊ बोलला, की उलट विचारायला तोंड उघडेना.

वहिनीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "दीड तर दीड. त्यो काय धुपाटण्यातला निखारा हाय का इझून जायाला? जाईल दीड वरीस." आणि ती वर डोंगरावर गेली ती शेळ्यांच्या मागं. तिनं पावसाळा काढला, हिवाळा काढला. वाघराच्या भीतीनं रात्री दारात ढणढण जाळ करून बसायची. मी कधी वर गेले की तिच्या पायांच्या भेगा बघून बोलायचे, तर म्हणायची, "माज्या पायाचं ऱ्हाऊ द्या वन्सं, त्यांच्या पायात तितं काय असंल?"

असं वर्ष गेलं. त्याच्यावर दोन महिनेही गेले. आम्ही आपले दीड वर्षाची वाट बघत होतो, म्हणून कुणाला काही वाटलंच नाही. बघा कसं असतं. एक चूक कुठंतरी झाली होती, आणि आमच्या एका शब्दानं तिच्यावर पांघरूण घातलं होतं.

मग एक दिवस पौडच्या बाजारात मीठमिरची घेताना मुठ्याचा एक माणूस भेटला. दारूच्या भट्टीपायी आत गेलेला, मला लांबून ओळखत होता.

"काय गं, दादा बरा हाय का? आता शेरडामागं का शेताला?"

"अजून कुटं? त्यो आतच हाय की."

"आतच? म्या त्येच्यासंगट एकाच बराकीत हुतो. त्येची शिक्षा तर माज्यासारकीच, त्याच सायबाची. अजून आत कसा?"

"दीड वरीस हाय त्येला. तुला किती हुती?"

"भट्टीची आठ म्हैने, शिपायाशी झोंबलो त्येची चार. आठ म्हैन्यातच बाहीर आलो की."

"आन् चार?"

"आठातच गेली की. सायबानं दोन्ही एकदम दिली हुती."

"आमाला बी एकदमच दिलीया. एकदम म्हंजी लगोलग ना?"

तो माणूस हसायला लागला. मग माझं तोंड बघून जवळ आला. हळूच म्हणाला, "लगोलग न्हवं गं माय. एकाच टायमाला. ह्या हातात एक घागर, त्या हातात एक. पानवठ्याची खेप एकच."

मीठ तिथंच ठेवून मी घरी आले. मालकांना सांगितलं. ते खाली बसले आणि टोपीच हातात फिरवायला लागले. दोन महिने. माझा भाऊ दोन महिने उगाच आत होता, आणि मी इकडं शांतपणे भाकऱ्या थापत होते.

दुसऱ्या दिवशी यष्टी धरून आम्ही पुण्याला तुरुंगात गेलो. वहिनीही आली, शेरडं शेजारणीवर टाकून. जाळीच्या पलीकडं दादा आला. आमचा दादा म्हणजे अंगानं दांडगा, खांद्यावर मेंढी घेऊन घाट चढायचा. समोर आला तो कोण होता? गालाची हाडं वर, आणि प्रत्येक चार शब्दांमागं खोकला. मी त्याला घागरींचं सांगितलं. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "मला त्यांनी शिमग्यानंतरची तारीख सांगितलीया. सरकार काय चुकीचं सांगंल व्हय?"

मी गेले आतल्या साहेबाकडं. तो माणूस वाईट नव्हता. त्यानं कपाटातून दादाच्या शिक्षेचं, कोर्टातून आलेलं वॉरंट काढलं, माझ्यासमोर धरलं. मी तोवर पोरांच्या पुस्तकावरून अक्षर लावायला शिकले होते, पण हे इंग्रजी.

"हे बघा बाई, दोन शिक्षा लिहून आल्यात. सहा महिने आणि वर्ष. दोन्ही बरोबर भोगायच्या असा शेरा नाही. शेरा नसला की एकीमागं एक धरायची. हा कायदा आहे, माझ्या घरचा नियम नाही."

"साहेब बोललं हुतं. आमी तिघांनी ऐकलंय."

"तुम्ही ऐकलेलं इथं चालत नाही. इथं लिहून आलेलं चालतं."

"मग लिवणाऱ्यानं लिवलं न्हाई त्येची शिक्षा माज्या भावानं भोगायची?"

तो म्हणाला, "कोर्टात जा."

कोर्टात गेलो. मऊ आवाजाचे साहेब बदलून गेलेले, कुठं लांब. नवीन साहेबांपर्यंत आम्हाला कोण पोचू देतंय? एका कारकुनानं सांगितलं, निकाल झाला, कागद गेले, आता आमच्या हातात काही नाही. दुसऱ्यानं सांगितलं, निकालाच्या नकलेला अर्ज करा. अर्ज केला. तिकीट लावलं. उद्या या. परवा या. साहेब रजेवर आहेत. नक्कल करणारा आजारी आहे. आम्ही मुळशी तालुक्यातून पुण्याला जायचो, सकाळची यष्टी चुकली की दिवस गेला. माझ्या पोराला शेजारी ठेवून, मालकांचा रोज बुडवून. शेवटी त्यातला एक कारकून, तोंडात पान, मला समजावून सांगायला लागला. अगदी मायेनं बोलला हो.

"किती राहिले आता? चार महिने? मग कशाला एवढे खेटे घालताय बाई? हे सगळं होईस्तोवर सुटूनच येईल तो."

त्या वाक्यानं माझ्या अंगाचा जो भडका उडाला, तो सांगता येत नाही. मी म्हणाले, "सायब, तुमाला हितं ह्या खुर्चीला बांधून घालते. चारच म्हैने. तुमची मान्सं येत्याल सोडवाय, त्यास्नी मी सांगते, उगं खेटे घालू नगा, चार म्हैन्यांनी सुटंलच त्यो." पट्टेवाल्यानं मला बाहेर काढलं. जाताना माझ्या कानाशी म्हणाला, "बरं बोललीस मावशे." पण बरं बोलून दार उघडत नाही.

पहिल्या वकिलांकडं गेलो. ते पायऱ्या उतरत होते, आम्ही शेजारून उतरत होतो. "अपिलाची मुदत कधीच गेली," ते म्हणाले. "आणि तुम्हाला त्याच दिवशी विचारायला काय झालं होतं?"

आम्हाला! इंग्रजी वाचलेला साहेब, कोट घातलेला वकील, लेखणी धरलेला कारकून, वॉरंट घेणारा तुरुंगवाला, एवढी सगळी शिकलेली माणसं त्या एका शब्दाच्या आजूबाजूला उभी होती. आणि विचारायचं कुणी? शेरडं राखणाऱ्या बाईनं! पुढं गावातही दोघंतिघं हेच बोलले. मी प्रत्येकाला सांगितलं, ज्याचं काम लिहायचं त्यानं लिहायचं. आमचं काम भोगायचं होतं, ते आम्ही चोख केलं. जास्तच केलं.

माहेरच्या म्हशीचं तूप पुण्यात एका म्हाताऱ्या वकिलांच्या घरी जायचं. वहिनी वर्षानुवर्षं घालायची. त्यांच्या मालकीणबाईंनी वहिनीचं तोंड उतरलेलं बघितलं आणि बळंच आत नेलं. म्हणून आम्ही त्यांच्यापुढं बसलो. वकील बंडीवर होते, चहा पीत होते.

"शिक्षा चूक झाली, असं म्हणायचंय का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले. "शिक्षा बरूबर. दिली ती दिली. ती संपली तरी सोडीनात."

त्यांनी कप खाली ठेवला. "पुन्हा बोला बरं. जसंच्या तसं बोला."

मी बोलले. तेव्हा ते मालकीणबाईंकडं बघून म्हणाले, "बघितलंस? या बाईनं अर्जाचा मसुदाच सांगितला." मग आम्हाला समजावलं. अपील म्हणजे साहेब चुकले असं म्हणायचं. त्याची मुदत गेली तर जाऊ दे, आपल्याला ते म्हणायचंच नाही. आपण म्हणायचं, साहेब बरोबर आहेत, त्यांनी दिली तेवढीच भोगू द्या. त्याच्यावरचा एक दिवससुद्धा माणसाला कशाच्या जोरावर आत ठेवलाय, ते ठेवणाऱ्यानं सांगावं. असं विचारणारा एक अर्ज मुंबईच्या हायकोर्टात करता येतो. आतला माणूस बाहेर येऊ शकत नाही, म्हणून त्याच्या वतीनं कुणीही करावा, बायकोनं, बहिणीनं. त्याला म्हणतात हेबियस कॉर्पस.

"म्हंजी काय ओ?" वहिनी म्हणाली.

"लॅटिन आहे ते. म्हणजे, त्याचं शरीर आमच्यासमोर हजर करा."

वहिनीनं चहा बाजूला सारला. "शरीर? म्हंजी... मढं?"

"अगं नाही गं बाई!" मालकीणबाई ओरडल्याच. "जिवंत! चालतंबोलतं! अहो, तुम्हाला बोलायची काही रीत? तिच्या नवऱ्याला आणा म्हणून सांगा की सरळ!"

वकील ओशाळले. आता पेपरात याला बंदी प्रत्यक्षीकरण म्हणतात. जीभ अडखळते बोलताना. त्यापेक्षा वकीलमालकीणबाईंचं मला आवडतं, तिच्या नवऱ्याला आणा.

त्या वकिलांनी जाऊन नक्कल काढून आणली. आम्हाला इतके दिवस न मिळालेली नक्कल त्यांना मिळाली. कशी मिळाली ते मी विचारलं नाही, माझा संताप वाढला असता. नकलेत शेवटी ती ओळ होतीच. इंग्रजीत होती, त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवली. दोन्ही शिक्षा एकाच वेळी भोगायच्या. म्हणजे साहेबांनी नुसतं बोलून दाखवलं नव्हतं, लिहिलंही होतं. निकालावरून वॉरंट लिहिताना कुणाच्या तरी लेखणीतून ती एक ओळ गळाली. घाईत असेल, भूक लागली असेल, पान थुंकायला उठला असेल. त्या उठण्याबसण्यात माझ्या भावाच्या शिक्षेला अर्धं वर्ष जोडलं गेलं.

वहिनीनं अंगठा दिला, मी सही केली. पहिल्यांदाच कशावर तरी सही करत होते. वकील म्हणाले, सावकाश करा, घाई नाही. मी म्हणाले, घाई हाय.

तरी त्याला वेळ लागलाच. तारीख पडायला, मग दादाला मुंबईला न्यायचा हुकूम निघायला. तोवर दादाचं वर्ष संपून चार महिने होत आले होते. आम्ही तिघं मुंबईला गेलो. कोर्टाची दगडी इमारत एवढी उंच, की वहिनी म्हणाली, "हितं बोललेलं खाली कसं ऐकू येत असंल?" आत दोन न्यायाधीश. एका बाजूला पोलिसांच्या मध्ये दादा. तो आमच्याकडं बघतच नव्हता, वर फिरणाऱ्या पंख्याकडं बघत होता.

आमचे वकील उठले. ती एक ओळ वाचली. तुरुंगाचं वॉरंट पुढं केलं. त्यातल्या एका न्यायाधीशांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले आणि सरकारच्या वकिलांना काही विचारलं. ते उठले, मान हलवली, दोन शब्द बोलले आणि बसले. मी आमच्या वकिलांच्या मागं बसलेल्या त्यांच्या जोडीदाराला विचारलं, "काय म्हणालं ओ ते?"

"म्हणाले, आमचं काही म्हणणं नाही."

काही म्हणणं नाही! मी तुरुंगाच्या दारात उभी राहिले तेव्हा म्हणणं होतं. कारकुनाचं म्हणणं होतं, पट्टेवाल्याचं होतं, कोटवाल्या वकिलाचं होतं. पायऱ्यापायऱ्यांवर प्रत्येकाचं काही ना काही म्हणणं होतं. आणि जिथं कुणी खरंच विचारलं, तिथं म्हणणंच नाही. एवढं सोपं होतं ते. दोन कागद शेजारी ठेवून बघायचे होते. त्याला मुंबई लागत नव्हती. तुरुंगाची कचेरी आणि आमचं कोर्ट यांच्यात तर टांग्याचं अंतर होतं!

न्यायाधीश काहीतरी बोलले, आमचे वकील मागं वळले. "झालं. आत्ताच्या आत्ता सोडायला सांगितलंय."

वहिनी एकदम उठली नाही. आता तिला शब्दांचा विश्वास राहिला नव्हता. "आत्ता म्हंजी कवा?" तिनं विचारलं. "आत्ता का, का पुण्याला न्हिऊन?"

"आत्ता म्हणजे आत्ता. इथंच."

पोलिसानं दादाचा हात सोडला. दादा तसाच उभा. पोलीस म्हणाला, "जा की."

"कुटं?" दादा म्हणाला.

"अरे तुझ्या बायकोकडं जा, माझ्याकडं काय बघतोस!"

तेव्हा कुठं त्यानं आमच्याकडं बघितलं. वहिनीनं पदरात बांधून आणलेली भाकरी सोडली आणि तिथंच त्या मोठ्या जिन्यात त्याच्या हातावर ठेवली. येणारेजाणारे काळ्या झग्यातले लोक बघत होते. बघू देत.

मी वकिलांना गाठलं. पाया पडले आधी. मग विचारलं, "सायब, ते जादा चार म्हैने?"

"ते या अर्जात मागता येत नाहीत, बाई."

"मग कंच्या अर्जात मागायचे?"

ते चांगले होते. आमच्याकडून त्यांनी तुपाशिवाय काही घेतलं नाही. पण हा प्रश्न ऐकला आणि ते छत्री शोधायला लागले.

घरी आल्यावर सगळ्यात जास्त चीड मला कशाची आली सांगू? माणसं दादाला बघायला यायची आणि म्हणायची, "नशीबवान हायेस गड्या, दोन म्हैने आधी सुटलास." आधी! सरकारनं जणू माफी दिली. वर्षभराच्या शिक्षेला सोळा महिने भोगून आलेल्या माणसाला आधी सुटलास म्हणायचे. मी प्रत्येकाशी भांडले. दादा मला म्हणायचा, "जाऊ दे गं बाय, किती जनांला सांगत बसशील?" खोकायचा, आणि डोंगराकडं बघत बसायचा. आणि हीच माणसं, त्याच वर्षी कोंडवाड्याच्या मुन्शीनं कुणाच्या तरी गाईला एका दिवसाचा दंड जादा लावला, म्हणून काठ्या घेऊन त्याच्या दारात गेली होती! आणि मुन्शीनं तो दिवस मुकाट परतही दिला. गाईचा दिवस परत मिळतो.

वहिनीनं घरात "एकदम" शब्द बंद केला. पोरं बोलली की म्हणायची, "कसं एकदम? नीट सांग." अजून तिच्या सुना तो शब्द तिच्यासमोर बोलत नाहीत.

दोनतीन वर्षं गेली. आमच्या शेजारच्या घरातला तरणा पोरगा बांधाच्या भांडणात सापडला. दोन कलमं लागली. त्याची आई रडत माझ्याकडं आली, तू येऊन बस म्हणाली. मी गेले, आणि कशी कोण जाणे, दादाही यष्टीत येऊन बसला. कोर्टाचं नाव काढलं की तोंड फिरवणारा माणूस.

साहेब वेगळे होते, आवाजही मऊ नव्हता. निकाल वाचला. मग मराठीत म्हणाले, "दोन्ही शिक्षा एकत्र भोगायच्या."

एकत्र! आता हा आणखी एक. एकत्र म्हणजे जमेला धरून, का बरोबरीनं? मी उठले.

"सायब, एकत्र म्हंजी कसं?"

पट्टेवाला धावला. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही कोण? खाली बसा, बाई."

"बसते. आदी सांगा. एकीच्या पोटात दुसरी, का एकीमागं एक?"

"एकाच वेळी. मोठी संपली की सुटेल. बसा आता."

"मग त्या लिवणाऱ्या सायबास्नी तसं लिवाय सांगा. आमच्या देखत."

पोराचे वकील मला बसायला खुणावत होते. मागं दादाचा खोकला ऐकू आला, तोही उभा राहिला होता. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावले असावेत. मग कारकुनाकडं वळले आणि म्हणाले, "वॉरंटवर शेरा घ्या. आत्ता घ्या."

कारकुनानं दौतीत टाक बुडवला. त्यानं लिहून टाक खाली ठेवला, तेव्हा मी बसले.